तीच चिठ्ठी, त्याच गोळ्या

आठवडी बाजारादिवशी माणदेशातल्या म्हसवडच्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर मधुमेहाच्या औषधांचा निम्मा प्रश्न तिथंच कळतो. वाडीवस्तीवरून आलेला माणूस पिशवीतून कात्रीनं कापलेली गोळ्यांची पट्टी काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “हीच द्या, शुगरची.” औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख पट्टीच्या ज्या भागावर होती, तो भाग मागच्या खेपेलाच कापला गेलेला असतो. चिठ्ठी विचारली तर ती दोन-तीन वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली. दुकानदार गोळीचा रंग, आकार आणि उरलेली दोन अक्षरं बघून महिन्याचा माल देतो. या व्यवहारात लबाडी कुणाचीच नाही, पण डॉक्टरही कुठं नाही.

माणदेश म्हटलं की काटक, उन्हानं रापलेली, मैलोन्‌मैल चालणारी माणसं डोळ्यांपुढं येतात. अशा माणसाला साखर कशी होईल, हा प्रश्न इथं अजूनही खरोखर विचारला जातो. त्याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी ही भारतीय ठेवण. म्हणून आपल्याकडं मधुमेहाला ढेरी लागतेच असं नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले, तेव्हा देशात १० कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींवर उंबरठ्यावरचे लोक निघाले. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्याला यातून सूट असण्याचं कारण नाही. बाजरीची भाकरी मागं पडली, पायी चालणं दुचाकीवर आलं, चहातली साखर मात्र होती तिथंच राहिली.

या सगळ्या मधुमेहींच्या हाती सर्वात आधी पडते ती मेटफॉर्मिनची गोळी. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानझाडात आहे. त्यातल्या ग्वानिडिनवर्गी द्रव्यांनी साखर उतरते हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञ त्या वाटेनं गेले आणि १९२२ साली डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन तयार झालं. त्याच सुमारास इन्सुलिन सापडल्यानं ते बाजूला पडलं. पुढं फिलिपिन्समध्ये इन्फ्लुएंझावरचं औषध म्हणून ते वापरून झालं आणि शेवटी १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी पुढं आणलं. अमेरिकेनं परवानगी द्यायला १९९४ उजाडलं.

ही गोळी यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करते आणि अंगातल्या इन्सुलिनला नीट काम करू देते. स्वादुपिंडाला चाबूक मारून जादा इन्सुलिन काढत नाही, म्हणून एकटी घेतली तर साखर धोक्याइतकी खाली जाणं दुर्मीळ. वजन वाढवत नाही. किंमत एका गोळीला रुपया-दोन रुपये. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात जादा वजनाच्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३६ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी कमी दिसले. इतक्या स्वस्तात इतकं देणारी औषधं वैद्यकात फार नाहीत.

तरीही गावात तिच्याबद्दल बोललं जातं ते एकच: “शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते.” हा समज इतका घट्ट बसला आहे की साखर जरा उतरली की पहिला बळी मेटफॉर्मिनचा जातो. खरा क्रम उलटा आहे. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं आणि रक्तदाबानं. अंगदुखीसाठी मेडिकलवरून मनानं घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. पण ते बाहेर पडतं लघवीवाटे, त्यामुळं किडनी आधीच थकलेली असेल तर ते अंगात साठतं. साठलेलं मेटफॉर्मिन आणि त्यात दुसरं एखादं मोठं आजारपण, अशा वेळी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. हा प्रकार फार क्वचित घडतो, घडला तर मात्र जिवावर बेततो. म्हणून किडनीची गाळण्याची क्षमता म्हणजे ईजीएफआर ३०च्या खाली गेली की ही गोळी बंद करायची, ३० ते ४५च्या मध्ये नव्यानं सुरू करायची नाही आणि चालू असेल तर डोस कमी करायचा, असा नियम आहे. हा आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात. तपासणी साधी आहे, पण तीच चिठ्ठी तीन वर्षं फिरवणाऱ्याची ती होत नाही. किडनी हळूहळू उतरत राहते, गोळ्या तेवढ्याच राहतात, आणि शेवटी दोष गोळीच्या माथी येतो.

भीतीला एक जुनं कारणही आहे. मेटफॉर्मिनची एक बहीण होती, फेनफॉर्मिन. तिनं लॅक्टिक आम्लाचे बळी घेतले म्हणून अमेरिकेनं १९७७ सालीच तिला बाजारातून काढलं. भारतात तिच्यावर बंदी आली २००३ साली. एका बहिणीची बदनामी दुसरीला चिकटली.

रोजच्या वापरातले मेटफॉर्मिनचे त्रास वेगळे असतात. पोट बिघडणं, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव. कमी डोसपासून सुरू केलं आणि जेवणासोबत घेतलं तर बहुतेकांना ते सोसतं. सावकाश विरघळणाऱ्या, नावामागं ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेल्या गोळ्यांची आणखी एक गंमत आहे. औषध आत शोषलं जातं आणि रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ते पाहून ‘गोळी लागूच होत नाही’ म्हणून औषध सोडणारे लोक आहेत. सुरुवातीलाच कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर हे टळलं असतं. अशी गोळी फोडून किंवा चावून मात्र खायची नसते. दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

खरा दुर्लक्षित धोका आहे ब-१२ जीवनसत्त्वाचा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून ब-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात याज्ञिकांच्या चमूला दिसलं की दोन-तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात ब-१२ मुळातच कमी आहे. हे जीवनसत्त्व मटण, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. माणदेशात धनगरवाड्यावर मटणाला तोटा नाही, पण गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या घरात दुधाचा घोट तेवढा उरतो, आणि दूध तर डेअरीला जातं. अशा माळकऱ्याला दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील, तर तो त्रास साखरेचा की ब-१२चा, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. अनेकदा ‘साखरेनं नसा गेल्या’ म्हणून विषय मिटवला जातो. ब-१२ची कमतरता स्वस्तात भरून निघते, वेळ गेली तर नसांची इजा कायमची राहते.

दुसऱ्या नंबरावर येतात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि जुनं ग्लिबेनक्लामाइड. या सल्फोनिलयुरिया घराण्याचा जन्मच एका अपघातातून झाला. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जांबों विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. रुग्णांची साखर एकाएकी उतरली, काही दगावले. तोच दुर्गुण पुढं औषधाचा गुण ठरला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते. तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी ती करत नाही.

म्हणून माणदेशासारख्या मुलखात सर्वात जपून वापरायची गोळी हीच, असं म्हणावं लागतं. कार्तिकी पाडव्याला म्हसवडला सिद्धनाथाचे घट बसतात आणि भाविक बारा दिवस उभं नवरात्र करतात. त्याखेरीज श्रावण आहे, दोन्ही पंधरवड्यांच्या एकादश्या आहेत. उपवास निरंकार असेल आणि सकाळी सवयीनं ग्लिमेपिराइड घेतलं असेल, तर दुपारपर्यंत अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा. घरच्यांना वाटतं, उपवास बाधला किंवा वारं आलं. उपवास साबुदाण्याच्या खिचडीचा आणि रताळ्याचा असेल तर उलटच, साखर वर उसळते. एकाच एकादशीला एकाच गल्लीत दोन्ही प्रकार घडू शकतात. वारीचंही तसंच. घरी ओट्यावर बसणारा माणूस पंढरीच्या वाटेवर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो. तोच डोस त्या चालण्यात जड पडतो. ऊसतोडीला, मेंढरामागं किंवा भट्टीच्या कामाला जाणाऱ्यांनाही हा हिशेब लागू आहे. निघण्याआधी डोस कमी करून घेणं हे डॉक्टरांचं दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी विचारावं लागतं.

वयस्कर माणसाला आणि थकलेल्या किडनीला ग्लिबेनक्लामाइड विशेष वाईट, कारण त्याचा अंमल लांबतो. त्याची ताकद किती, हे सिंगापूरनं २००८ साली पाहिलं. मर्दानी ताकदीच्या बेकायदा गोळ्यांत ते मिसळलेलं निघालं. मधुमेह नसलेले १५० जण रुग्णालयात दाखल झाले आणि चौघं दगावले.

साखर उतरल्याची लक्षणं दिसली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग भाकरी-पोळी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, १०८ला फोन करायचा. इथं एक खाच आहे आणि ती फारच थोड्यांना सांगितली जाते. आपल्याकडं तीन औषधांच्या जोडगोळ्यांत व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं. ते साखरेचं पचन अडवतं, त्यामुळं अशा रुग्णाला घरातली साखर लवकर लागू पडत नाही; ग्लुकोजची पावडरच लागते. आणि सल्फोनिलयुरियामुळं उतरलेली साखर एकदा सावरल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रुग्णाला एकटं झोपवणं धोक्याचं.

बंदीच्या बातम्यांमुळं सर्वात जास्त गोंधळ उडाला तो पायोग्लिटाझोनच्या गोळीवरून. तिची सख्खी जात असलेली रोझिग्लिटाझोन हृदयाला धोकादायक असल्याचा संशय बळावल्यावर भारतानं २०१० साली ती बंद केली. पायोग्लिटाझोनचा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडला गेला आणि जून २०१३मध्ये केंद्र सरकारनं तिची विक्री थांबवली. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली: औषध स्वस्त आहे, भारतात डोस कमी दिला जातो, लाखो लोकांना लागू पडलं आहे. दीड महिन्यात, ३१ जुलैला, बंदी उठली; पाकिटावर ठळक इशारा मात्र आला. त्या सहा आठवड्यांत ज्यांनी गोळी बदलली, त्यांतले काही परत वळले, काही दोन्ही घेत राहिले. आज तिच्याबद्दल साधारण एकमत असं: हृदय कमकुवत असेल, पायावर सूज असेल, लघवीतून रक्त गेलं असेल किंवा मूत्राशयाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ती नको. बायकांत हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही लक्षात ठेवायचा. दिली तर थोडक्या डोसात. पण ती तीन औषधांच्या जोडगोळीत बसलेली असते आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्रानं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत मधुमेहाच्या अशा जोडगोळ्याही होत्या. जोडगोळी सोयीची खरी, पण त्यातला एकच डोस कमी करायचा म्हटलं तर सगळंच अडतं.

ग्लिप्टिन गटाबद्दल थोडक्यात सांगता येईल. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही सौम्य औषधं आहेत, साखर फार खाली नेत नाहीत, पेटंट संपल्यावर स्वस्तही झाली. क्वचित स्वादुपिंडाला सूज, सांधेदुखी किंवा कातडीवर फोड येतात. फायदाही तसा बेताचाच.

नव्या औषधांत सर्वात मोलाचं घराणं ग्लिफ्लोझिनचं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून १८३५ साली वेगळं काढलेल्या एका द्रव्यापर्यंत यांची वंशावळ जाते. ही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकतात. साखर उतरण्यापेक्षा मोठा लाभ हृदयाचा आणि किडनीचा. २०१५ सालच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिननं हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. थकत चाललेल्या किडनीला आधार देणारं औषध म्हणून डापाग्लिफ्लोझिनचं नाव आता मधुमेह नसलेल्यांतही घेतलं जातं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२०मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये. साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. शहरातलं औषध तालुक्याच्या मेडिकलवर यायला आता किमतीची आडकाठी उरलेली नाही.

आणि इथंच म्हसवडच्या डॉक्टरांनी थांबून विचार करायला हवा. साखरेबरोबर पाणीही बाहेर जातं. ज्या माण तालुक्यात पावसाळाच मुळात तोकडा, जिथं २०१९च्या उन्हाळ्यात माणसं जनावरांसह चारा छावणीत राहिली, तिथं एप्रिल-मेमध्ये दिवसभर रानात असलेल्या माणसाला ही गोळी बेतानं द्यावी लागते. रक्तदाबासाठी लघवीची गोळीही चालू असेल तर उभं राहिल्यावर चक्कर ठरलेली. गुप्तांगाला खाज आणि बुरशी हा दुसरा त्रास. तो बायका लाजेखातर सांगत नाहीत आणि गोळी मात्र परस्पर बंद करतात. तिसरा धोका फसवा आहे. उपाशीपोटी, जुलाब-उलट्यांत किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात कीटोन आम्ल वाढतं आणि तपासणीत साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं असूनही ‘साखर तर ठीक आहे’ म्हणून रुग्ण परत पाठवला जाऊ शकतो. कडक उपवास आणि हे औषध एकत्र नको. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी तीन-चार दिवस ते थांबवायचं असतं. जुलाब-उलट्या लागल्या तर मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवून डॉक्टरांना गाठायचं. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी अकलूजला, साताऱ्याला जाताना आपण मेटफॉर्मिन घेतो हेही तिथं सांगायचं.

इन्सुलिनला हा थांबवण्याचा नियम लागू नाही. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात पोरगं आजारी असलं, जेवत नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ; डोस बदलतो, इंजेक्शन थांबत नाही. भारनियमनात फ्रिजचा भरवसा नसेल तर वापरातली कुपी ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवता येते.

सध्या चर्चा असते ती आठवड्याच्या इंजेक्शनांची. मौंजारो मार्च २०२५मध्ये भारतात आलं, पाठोपाठ वेगोव्ही. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६पर्यंतची होती, त्यामुळं किमती उतरण्याची वाट सारा बाजार बघत होता. लठ्ठ मधुमेहींना त्यांचा लाभ मोठा आहे, हृदयालाही. पण मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज आणि वजनाबरोबर स्नायूही झडणं हे त्यांचे त्रास आहेत. आतून चरबीदार पण मुळात बारीक अंगाच्या माणदेशी माणसाकडं स्नायूंची शिल्लकच कमी. त्याच्यासाठी ही इंजेक्शनं म्हणजे पहिलं औषध नव्हे.

मग उरतात झाडपाल्याच्या पुड्या. कारल्याचा रस कुणी प्यायला तर हरकत नाही, तो गोळीची जागा घेत नाही एवढंच. भीती बिननावाच्या भुकटीची. २००० साली कॅलिफोर्नियात ‘निव्वळ वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या पाच औषधांत ग्लिबेनक्लामाइड आणि तेच बंदी घातलेलं फेनफॉर्मिन सापडलं होतं. जी पुडी आठवड्यात साखर पाडते, तिच्यात काय आहे याचा संशय घ्यायलाच हवा.

सरकारी व्यवस्था अगदीच रिकामी नाही. तिशीनंतरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशा घरोघरी फॉर्म भरतात, आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड मिळतं, आणि १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. कमी पडतं ते पुढचं: सुरू केलेल्या गोळ्या दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून बदलणं. निदान आणि गोळीवाटप यांची मोजदाद होते, बदललेल्या डोसाची होत नाही. म्हसवडहून ऐकू येणाऱ्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या रेडिओनं प्रत्येक एकादशीच्या आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं फक्त गोळी आणि उपवास यांवर दिली, तरी कितीतरी माणसांची दुपार वाचेल.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मधुमेही आहे त्यांनी या महिन्यात एक करावं. घरातल्या सगळ्या गोळ्या, अंगदुखीच्या आणि पुड्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओताव्यात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं शेवटची कधी तपासली ते विचारावं. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जुनं असेल तर ब-१२ही तपासायला सांगावं. आणि मेडिकलवर पट्टी कापून घ्यायची वेळ आलीच, तर नाव असलेला तुकडा आपल्याकडं मागून घ्यावा.